सत्तेचाळीस

मागच्या वेळी म्हणालो होतो की पुढचा लेख शिलाँगच्या पावसावर. पाऊस कुठं पळून जात नाही, नंतर लिहीन. आज एका बेस गिटारबद्दल.

फौजी वाचकांसाठी आधीच खुलासा करतो. हा बेस म्हणजे बेस कॅम्पचा बेस नव्हे, आणि 'लई बेस झालं'मधलाही नव्हे. चार जाड तारांची, विजेवर चालणारी गिटार. बँडमध्ये ती वाजवणारा सहसा मागं ड्रमवाल्याशेजारी उभा असतो आणि फोटोत अर्धा कापला जातो. आवाज कानापेक्षा पोटात जास्त जाणवतो. वाजत असते तेव्हा कुणाचं लक्ष नसतं, बंद पडली की सगळ्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. आमच्याकडं क्वार्टरमास्टरचं असतं तसंच.

१९९६ साली खडकवासल्याला एनडीएत आलो तेव्हा शेजारच्या केबिनमध्ये शिलाँगचा एक खासी मुलगा होता. त्याचं नाव इथं लिहीत नाही, घरच्यांना आवडणार नाही. ड्रिलमध्ये सुमार, क्रॉस-कंट्रीत हरीण, आणि हातात काहीही दिलं तरी त्यावर बोटं चालवणारा. टेबलाची कड, बेल्ट, रायफलचं फोरएंड, कशावरही. ड्रिल उस्तादांनी त्यापायी त्याला किती फ्रंट रोल मारायला लावले याचा हिशेब नाही. त्याची एक फुशारकी ठरलेली होती: घरी मामाचा जपानी बेस आहे, १९४७ सालचा.

मी पुण्याचा. वाद घालणं हा आमचा कुळधर्म. मी म्हणालो, "सत्तेचाळीस साली जपानमध्ये खायला तांदूळ नव्हता, अमेरिकन फौज बसली होती. बेस गिटार कोण बनवत बसलं असेल?" तो म्हणाला, "मामानं स्वतः उघडून पाहिलाय. आत लिहिलंय सत्तेचाळीस." लाइट्स आउटनंतर दबक्या आवाजात तासभर भांडलो आणि शेवटी पैज लागली. ओल्ड मंकची एक बाटली, कमिशन मिळाल्यावर द्यायची. निकाल त्याच्या घरी, बेस उघडून.

कमिशन मिळालं. तो इन्फन्ट्रीत गेला, मी तोफखान्यात. पहिली रजा त्याची वेगळी, माझी वेगळी. दुसऱ्या रजेत माझं लग्न. मग तो काश्मीरमध्ये गेला आणि तिथून परत आला नाही. कॅप्टन होता. मी तेव्हा राजस्थानात रेंजवर होतो. बातमी चार दिवसांनी कळली.

गेल्या वर्षी माझी पोस्टिंग शिलाँगला झाली. सामान उघडायच्या आधी त्याच्या घरी जायचं असं ठरवलं होतं, प्रत्यक्षात जायला तीन आठवडे लागले. लाइतुमुखराच्या चढावर जुनं आसाम-पद्धतीचं घर आहे. लाकडी सांगाडा, कुडाच्या भिंती, वर पत्रा. १८९७ च्या भूकंपानंतर इकडं दगडी इमारती सोडून लोक या हलक्या घरांकडं वळले. आंटी सत्तरीच्या पुढच्या. खासी रिवाजाप्रमाणे घर धाकट्या लेकीकडं जातं, तिला 'का खद्दूह' म्हणतात. आंटी त्या घरातल्या खद्दूह. मामाला खासी कुटुंबात फार मान, भाच्यांच्या आयुष्यात त्याचा शब्द मोठा. आपल्याकडं मामा शिदोरीपुरता आणि लग्नातल्या आंतरपाटापुरता, इकडं तो जवळजवळ बापाच्या जागी.

त्यांनी क्वाई पुढं केली. सुपारी, पान, चुना. मी आता कर्नल आहे, पण त्या मला 'कॅप्टन'च म्हणतात. पहिल्या भेटीत दुरुस्त करावंसं वाटलं, मग लक्षात आलं. त्यांचा मुलगा जिथं थांबला तिथंच त्यांनी मलाही ठेवलंय.

दुसऱ्या भेटीत त्यांनी एक पत्र दाखवलं. त्याच्या पलटणीचा रेझिंग डे होता, युनिटमध्ये शहीद अधिकाऱ्यांसाठी एक खोली केली होती, तिथं ठेवायला त्याची एखादी वस्तू द्याल का, असं सीओंनी नम्रपणे विचारलं होतं. सोबत पाटीचा मसुदा मागितला होता. आंटींनी ठरवलं होतं: बेस. आणि मसुदाही लिहून ठेवला होता. "सन १९४७ चा जपानी बेस. कॅप्टन अमुक यांचे मामा १९७० साली कलकत्त्याच्या स्पर्धेत याच बेसवर वाजले." मग म्हणाल्या, "तू शिकलेला आहेस. एकदा नजर टाक. पलटणीत चुकीचं काही लागायला नको."

खोकं पलंगाखालून निघालं. आत जुन्या शालीत गुंडाळलेला बेस. गडद लाल, दोन शिंगांचा, एका शिंगावरचा रंग घासून खालचं लाकूड दिसत होतं. मी तो हातात घेतला आणि पहिली भावना लाजेची होती. पंचवीस वर्षांपूर्वी न पाहता मी याला खोटं ठरवलं होतं.

आता तपास. मला संगीतातलं फार कळत नाही, पण हत्यारांची नोंद ठेवणं आयुष्यभर केलंय. ज्यांनी एनसीसीत पॉइंट थ्री-नॉट-थ्री हाताळली असेल त्यांना आठवेल, ईशापूरच्या रायफलीवर बटच्या सॉकेटला सालाचा शिक्का असतो. पण तेवढ्यावर विसंबून चालत नाही. बोल्ट बदललेला असतो, बॅरल बदललेलं असतं, लाकूड तर हमखास. नियम एकच: वस्तू तिच्या सगळ्यात नव्या मूळ भागापेक्षा जुनी असू शकत नाही, आणि कुठला भाग मूळ आहे हे आधी ठरवायचं.

हेडस्टॉकवर, म्हणजे किल्ल्या असतात त्या टोकाला, नाव नव्हतं. दोन बारीक भोकं होती, तिथं कधीकाळी नावाचा बिल्ला असणार. सिरीयल नंबर नाही. गुवाहाटीच्या एका दुकानदारानं आंटींना म्हणे सांगितलं होतं की नाव नाही म्हणजे डुप्लिकेट, पाच हजार देतो. हे खास आपल्या बाजारातलं तर्कशास्त्र: डुप्लिकेट आहे, पण मला हवंय.

नाव नसणं हा जपानी वाद्यांच्या बाबतीत दोष नाही, तो इतिहासच आहे. साठच्या दशकात अमेरिकेत प्रत्येक पोराला इलेक्ट्रिक गिटार हवी होती आणि डॉलरला ३६० येन हा ठरलेला भाव होता. जपानी कारखाने एकच वाद्य डझनभर नावांनी पाठवत. आयात करणारा सांगेल तो बिल्ला. टोकियोची टेइस्को कंपनी १९४६ पासूनची, तिच्या गिटारी अमेरिकेत किती नावांनी विकल्या गेल्या याची यादी करायला बसलं तर संध्याकाळ जाईल. ती १९६७ साली कावाई कंपनीनं घेतली. नागानो प्रांतात मात्सुमोतो नावाचं डोंगरातलं गाव आहे, लाकूडकामासाठी प्रसिद्ध. तिथल्या मात्सुमोकू कारखान्यानं सुरुवातीला शिलाई मशीनची लाकडी कॅबिनेटं केली. पुढं तिथंच आरिया, एपिफोन, वेस्टोन अशा नावांची वाद्यं झाली. त्याच गावात १९६० साली फुजीगेन सुरू झाली, जिनं आयबानेझ बनवल्या आणि १९८२ पासून जपानी फेंडरसुद्धा. म्हणजे बिल्ल्यावरून कारखाना कळत नाही, आणि कारखान्यावरून बिल्ला कळत नाही. आपल्याकडं एकाच गिरणीचा तांदूळ पाच नावांच्या पोत्यांत जातो तसं.

सिरीयल नंबर असता तर काम पाच मिनिटांचं होतं. तुमच्यापैकी कुणाकडं सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातली आयबानेझ असेल तर पाहा. पहिलं अक्षर महिना, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, पुढचे दोन आकडे साल. एच आणि पुढं ७८ असेल तर ऑगस्ट १९७८. जपानी फेंडरवर 'जेव्ही'नं सुरू होणारा नंबर असेल तर ती १९८२ ते ८४ मधली, आणि ती विकू नका. माझ्या हातातल्या बेसला हा रस्ता बंद होता.

मग मी एक चूक केली, ती सांगायला हवी. व्हॉल्यूमच्या नॉबखाली जो गोल भाग असतो, ज्याला पॉट म्हणतात, त्याच्या पाठीवरचे आकडे वाचून साल काढता येतं असं मी वाचलं होतं. अमेरिकन पॉटवर पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे, उदाहरणार्थ १३७ म्हणजे सीटीएस, पुढं साल आणि आठवडा. मी मोठ्या उत्साहात मागचं झाकण काढलं, आकडे टिपले, रात्रभर त्यांच्याशी झटापट केली. काही जुळेना. जुळणार कसं? पॉट जपानी होते. तो नियम अमेरिकेचा. पाकिस्तानी नकाशावर भारतीय ग्रिड रेफरन्स शोधण्याचा प्रकार.

दुसऱ्या दिवशी मोजमाप. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे सतारीचे पडदे म्हणा) ३८१ मिलिमीटर. दुप्पट केली की तारेची वाजणारी लांबी, ७६२, म्हणजे बरोबर ३० इंच. फेंडरचा बेस ३४ इंचांचा असतो. दोन शिंगांचं हे अंग गिब्सनच्या बेसची नक्कल होतं, पण गिब्सनची लांबी साडेतीस, आणि त्यात मान अंगाला सरसानं चिकटवलेली असते. इथं मान चार स्क्रूंनी मागून बसवलेली होती, वर पत्र्याची चौकोनी पट्टी, आणि पट्टीवर उठवलेली अक्षरं: 'स्टील अ‍ॅडजस्टेबल नेक', खाली 'मेड इन जपान'. अंगाच्या कडेला रंग उडालेल्या जागी प्लायवूडचे थर. दोन-दोन किल्ल्या दोन्ही बाजूंना.

एवढं कळल्यावर १९४७ उरलाच नाही. लिओ फेंडरनं प्रिसिजन बेस १९५१ साली बाजारात आणला, आणि आज आपण बेस म्हणतो ते वाद्य तिथून रुळलं. १९४७ चा जपान तर अमेरिकन ताब्यात होता, १९५२ च्या एप्रिलपर्यंत. त्या काळात बाहेर जाणाऱ्या मालावर 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असं लिहिलेलं असे. आणि गिब्सन-फेंडरच्या अशा हुबेहूब नकला जपाननं मुख्यतः साठच्या दशकाच्या शेवटापासून सत्तरच्या दशकात केल्या. इतक्या केल्या की १९७७ च्या जूनमध्ये गिब्सनच्या मालक कंपनीनं आयबानेझ विकणाऱ्यांच्या अमेरिकेतल्या कंपनीवर फिलाडेल्फियाच्या कोर्टात दावा लावला. दावा हेडस्टॉकच्या आकारावर होता, आणि तो आकार त्यांनी आधीच बदलला होता. कोर्टाबाहेर मिटलं. पण विक्रेते अजूनही त्या दशकातल्या प्रत्येक जपानी नकलेला 'लॉसूट गिटार' म्हणून जास्त पैसे लावतात. खटला एकावर, कपाळाला टिळा सगळ्यांच्या.

म्हणजे पैज मी जिंकलो होतो. पण मामानं आत काय पाहिलं होतं?

मान काढायची होती आणि माझा स्क्रूड्रायव्हर घसरत होता. एका स्क्रूचं डोकं मी खराबही केलं. आंटी काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी चहाचा कप जरा जोरात ठेवला. मी थांबलो, आणि रविवारी वर्कशॉपमधल्या आमच्या ईएमईच्या हवालदारांना घेऊन आलो. कोरेगावकडचे आहेत. त्यांनी स्क्रू पाहिला आणि हसले.

"सर, ह्यो आपला इस्क्रू न्हवं. जपानी हाय. जुन्या हिरो होंडाच्या कार्बोरेटरला असतोय, तसला. आपला फिलिप्स त्यात बसल्यागत वाटतो, पण जोर लावला की वर येतोय आन् डोकं खातोय."

बरोबर होतं. जपानी चौफुली स्क्रूची खाच फिलिप्सपेक्षा जराशी वेगळी असते. त्यांनी पिशवीतून जपानी मापाचा पेचकस काढला, चारही स्क्रू लोण्यातून निघावेत तसे निघाले. माझा खाल्लेलासुद्धा. मग तारा सैल करून मान अलगद वर उचलली.

खाचेत, जिथं मान बसते तिथं, कोरं पिवळट लाकूड. पन्नास वर्षांत त्यावर ऊन पडलं नव्हतं. आणि त्यावर पेन्सिलीनं, घाईघाईत: ४७.९.६. शेजारी एक गोल लाल शिक्का, आत जपानी अक्षर.

सत्तेचाळीस होतं. खरंच होतं.

हवालदार म्हणाले, "सर, सहा सप्टेंबर सत्तेचाळीस की. आपल्याला स्वातंत्र्य मिळाल्यावर तीन आठवड्यांनी."

मी पाच मिनिटं नुसता बसून होतो. सगळा पुरावा एकीकडं, हा आकडा दुसरीकडं. आणि मग मणिपूर आठवलं. दहा-बारा वर्षांपूर्वी इंफाळकडं होतो तेव्हा एका गावात लोकांनी १९४४ च्या लढाईतल्या वस्तू एका खोलीत मांडल्या होत्या. हेल्मेट, डबे, गंजलेल्या संगिनी, आणि जपानी सैनिक गुडघ्याजवळ टेकवून वापरत ती ग्रेनेड फेकायची छोटी नळी. तिच्यावर एक जपानी अक्षर आणि पुढं १७.६ कोरलेलं होतं. मी त्याचा अर्थ १९१७ लावला होता. त्या दिवशी आलेल्या एका वयस्क जपानी पाहुण्यानं दुभाष्याकरवी मला समजावलं: हे सम्राटाचं साल. हिरोहितो गादीवर आले १९२६ च्या डिसेंबरात, तिथून शोवा काल सुरू. शोवा १७ म्हणजे १९४२. पंचवीस मिळवा. लढाई झाली ते साल शोवा १९. आणि आधी साल, मग महिना, मग दिवस, हा त्यांचा लिहिण्याचा क्रम.

सत्तेचाळीस आणि पंचवीस. बहात्तर. ६ सप्टेंबर १९७२.

आपल्याला हे समजायला खरं तर एक मिनिटही लागायला नको होतं. आपल्या गावाकडं कुणी देवळाच्या पायरीवर शके १८९४ कोरलं असेल तर आपण अठ्ठ्याहत्तर मिळवतो, १९७२ म्हणतो आणि पुढं जातो. मात्सुमोतोच्या किंवा अजून कुठल्या गावच्या त्या कारागिरानं, जो माझ्या वडिलांच्या वयाचा असेल, आपल्या पंचांगाप्रमाणे तारीख टाकली होती. ती हजारो मैलांवर एका खासी माणसानं आपल्या कॅलेंडरानं वाचली. दोघांपैकी कुणीच चुकीचं लिहिलं किंवा वाचलं नव्हतं.

मी इतका खूश झालो की आंटींच्या चेहऱ्याकडं पाहायचं राहिलं. आकडेमोड मोठ्यानं करून दाखवली, हवालदारांनी मान डोलवली. मग आंटी म्हणाल्या, "बहात्तर?"

"हो आंटी. तेही हे लाकूड कापलं तेव्हाचं. वाद्य पुरं होऊन जहाजावर चढायला आणखी महिने. इथं पोचलं असेल त्र्याहत्तरच्या आसपास, किंवा नंतर."

"मग सत्तर साली माझा भाऊ कशावर वाजला?"

मी काय केलं होतं ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. १९७० आणि ७१ साली सिगारेट कंपनीनं भरवलेली सिमला बीट नावाची बँडांची देशभर स्पर्धा होत असे, तिच्या तबकड्याही निघाल्या. मामाचा बँड तबकडीपर्यंत पोचला नव्हता, पण कलकत्त्याला वाजून आला होता, आणि घरात ती गोष्ट पन्नास वर्षं सांगितली जात होती. माझ्या मित्रानं तीच गोष्ट केबिनमध्ये मला शंभर वेळा सांगितली होती. पाटीच्या मसुद्यातली दोन्ही वाक्यं मी एका पेचकसानं खोटी करून ठेवली होती.

"तो खोटं बोलायचा नाही," आंटी म्हणाल्या. माझ्याशी नाही, बेसकडं बघून.

हवालदार शहाणे. म्हणाले, "सर, मी जरा गाडी बघून येतो," आणि बाहेर गेले.

आंटींनी कपाटातून अल्बम आणला. स्टेजवरचा एक कृष्णधवल फोटो, मागं स्टुडिओचा शिक्का आणि शाईनं लिहिलेलं १९७०. चार पोरं, लांब कल्ले. मामा अर्थातच कडेला, अर्धा कापलेला, पण बेस पूर्ण दिसत होता. मी भिंग घेतलं. भिंगाची गरज नव्हती. मान लांब, आणि चारही किल्ल्या एकाच बाजूला ओळीनं. हातातल्या बेसला दोन इकडं, दोन तिकडं. वेगळं वाद्य.

मी फोटो त्यांच्या हातात दिला आणि किल्ल्या मोजून दाखवल्या. त्यांनी स्वतः मोजल्या, दोनदा. या फोटोकडं त्या पन्नास वर्षं पाहत होत्या, पण भावाचा चेहरा पाहत होत्या. किल्ल्या कोण मोजतं?

बराच वेळ गेला. पत्र्यावर पाऊस सुरू झाला (बघा, आलाच लेखात). मग त्या म्हणाल्या, "एकाहत्तरच्या हिवाळ्यात बाबांना गौहाटीला नेलं होतं. ऑपरेशन. शिलाँग तेव्हा आसामची राजधानी होतं, मेघालय झालं नव्हतं. पैसे नव्हते आमच्याकडं. भावानं आणले. आईनं विचारलं तर म्हणाला, ऑफिसातून उचल घेतली." थोडं थांबून म्हणाल्या, "तो तेव्हा कुठल्याच ऑफिसात नव्हता. हे मला आज सुचतंय."

मी म्हणालो, ते कशावरून त्याच पैशांचं? दुसरं कारणही असू शकतं. तपासाची सवय. पुरावा नव्हता, अजूनही नाही. त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी गप्प बसलो.

नंतर त्यांना एकेक आठवू लागलं. दोन वर्षं तो नुसता गात असे, वाजवत नसे. मग एका नाताळाच्या मोसमात कलकत्त्याला पार्क स्ट्रीटवर कुणाच्या तरी जागी वाजवायला गेला आणि खिदिरपूरच्या बाजारातून हे खोकं घेऊन आला. परदेशी वाद्य सरळ मार्गानं मिळायचे ते दिवस नव्हते. बोटीवरच्या खलाशांकडून गोदीत उतरायचं, तिथून फॅन्सी मार्केटात. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, नवीन घेतलास? तो म्हणाला, नवीन कुठला, सत्तेचाळीसचा आहे, आत लिहिलंय.

बाबांना वाटलं असेल, जुना माल, स्वस्तात मिळाला. भाच्यापर्यंत येता-येता तो पुराणवस्तू झाला. आणि दोन बेसांचा एक कधी झाला, ते मामानं केलं की घरानं, सांगता येणार नाही. आंटींनाही आठवत नव्हतं की तो 'याच बेसवर' म्हणाला होता की नुसतं 'बेसवर'.

संध्याकाळी हवालदारांनी बेस पुन्हा जोडला. सॉकेटचा डाग कोरडा पडला होता, तो नव्यानं दिला. मूळ पॉट तसेच ठेवले, खरखरतात, पण बदलायचे नाहीत असं मी निक्षून सांगितलं. खाल्लेल्या स्क्रूच्या जागीही नवा घातला नाही. पुढं कुणी तपासलं तर माझी चूक त्याला दिसू दे. खाचेतल्या आकड्यांचा फोटो काढून आंटींना दिला. मान बसवायच्या आधी त्यांनी पेन्सिलीच्या अक्षरांवर बोट ठेवलं, पुसलं जाईल म्हणून लगेच काढलं.

त्यांची नात, धाकट्या लेकीची धाकटी, वय चौदा, ट्यूशनहून आली आणि बेस उघड्यावर पाहून तिथंच थांबली. शेजाऱ्यांकडून अ‍ॅम्प्लिफायर आला. तीस इंचांची मान तिच्या हाताला बरोबर बसली. लहान मापाचा बेस पोरांना सोपा जातो, हे एक त्याचं. तिनं मोकळी जाड तार छेडली आणि कपाटातल्या बश्या वाजल्या. हवालदार दारातून म्हणाले, "लई बेस!" तिला वाटलं ते वाद्याचं नाव सांगतायत. ती म्हणाली, "येस, बेस."

पलटणीला बेस गेला नाही. आंटींनी त्याची एनडीएची क्रॉस-कंट्रीची जर्सी पाठवली. पाटीवर नाव, कोर्स आणि तारीख एवढंच. सीओंना मी फोन करून कारण सांगितलं. ते म्हणाले, सर, जर्सीच बरी. बेस पोरीला वाजवू दे.

राहिली पैज. त्याचं म्हणणं होतं, आत सत्तेचाळीस लिहिलंय. लिहिलं होतं. माझं म्हणणं होतं, तो १९४७ चा असूच शकत नाही. नव्हता. बरोबरी झाली तर काय, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. शेवटी मी कँटीनमधून बाटली घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि लाइतुमुखराचा चढ चढलो. दार आंटींनी उघडलं. घरात कुणी पीत नाही हे मला माहीत होतं, म्हणून जरा अडखळतच सगळी हकीकत सांगितली.

त्यांनी पुडकं उलगडलं, लेबल वाचलं आणि बाटली स्वयंपाकघरात वरच्या फळीवर ठेवली.

"नाताळच्या केकला लागेल," म्हणाल्या. "बेदाणे ऑक्टोबरातच भिजत घालते मी. तेव्हा ये, कॅप्टन."